रिठ्याचा फेस आणि पेशीचे आवरण



आपल्या पुष्कळ घरांतून दागिने व रेशमी वस्त्रे आजही रिठ्याच्या पाण्यानेच धुतात. तो फेस ज्या द्रव्यामुळे येतो त्यास सॅपोनिन म्हणतात. त्याच्या रेणूचे एक अंग पाण्याशी, तर दुसरे स्निग्ध पदार्थाशी सख्य करते. म्हणूनच तो मळ काढतो आणि म्हणूनच घातकही ठरू शकतो.

कोलेस्टेरॉलला आपण केवळ हृदयाचा वैरी समजतो. परंतु आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचे जे दुहेरी आवरण असते, त्यास बळकटी देणारे तेच होय. सॅपोनिन नेमके त्यालाच जाऊन बिलगते. आवरणास छिद्रे पडतात व तांबड्या रक्तपेशीतील रंगद्रव्य बाहेर ओघळते. आतड्यातून सॅपोनिन रक्तात फारसे शिरत नाही, हे आपले भाग्य.

आता याची दुसरी बाजू पाहू. चिली देशातील क्विलाया वृक्षाच्या सालीतले सॅपोनिन शास्त्रज्ञांनी आधीच कोलेस्टेरॉलशी जखडून टाकले. त्यामुळे त्याचा दाहकपणा पुष्कळ ओसरला. प्रतिकारशक्ती जागविण्याचा गुण मात्र टिकला. ही युक्ती योजलेली, ऑक्सफर्ड येथे सिद्ध झालेली आर-२१ ही हिवतापावरील लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनविते. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने बालकांसाठी तिची शिफारस केली.

तेव्हा 'झाडपाल्याचे म्हणजे निरुपद्रवी' हा समज आपण सोडावा. रिठा मुलांच्या डोळ्यांपासून जपावा, मनाने पोटात घेऊ नये; आणि त्यास तुच्छही लेखू नये.