बायोप्सीच्या रिपोर्टमधील 'की-६७'
(उत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



यानंतर मुलांची नाटिका आहे, तेव्हा एकाच आकड्याविषयी बोलतो.

बायोप्सीचा रिपोर्ट हाती आला की घरातली मंडळी आधी टक्के शोधतात. 'की-६७ : ४० टक्के' दिसले की कुणी म्हणते, कॅन्सर चाळीस टक्के पसरला, कुणी म्हणते, साठ टक्के आशा आहे. दोन्ही अर्थ चुकीचे.

की-६७ हे पेशीच्या केंद्रकातील प्रथिन. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशीत ते आढळते, विश्रांती घेणाऱ्या पेशीत नाही. ते ओळखणारे प्रतिपिंड जर्मनीतील कील शहरात तयार झाले. १९८३ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. 'की' हे त्या शहरावरून, आणि ६७ हा प्रयोगाच्या ताटलीतील खणाचा क्रमांक. नावात याहून गूढ काही नाही!

गाठीच्या पातळ कापावर ही तपासणी केली की अशा पेशींची केंद्रके तपकिरी दिसतात. शंभर कॅन्सरपेशींत चाळीस तपकिरी, म्हणजे ४० टक्के. गाठ वाढण्याच्या किती घाईत आहे, एवढेच त्यातून कळते. ती कुठवर पोचली, हे स्कॅन आणि लसिकाग्रंथींची तपासणी सांगते.

शिवाय अवयवागणिक अर्थ बदलतो. आतड्याच्या न्यूरोएंडोक्राइन गाठीत ३ टक्क्यांच्या आत पहिली श्रेणी आणि २० च्या वर तिसरी, म्हणजे प्रतच या आकड्यावर ठरते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र जपून. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या, सुरुवातीच्या गाठींबाबत आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये सांगितले की ५ किंवा त्याहून कमी आणि ३० किंवा त्याहून जास्त, हेच आकडे भरवशाचे. मधल्या पट्ट्यात लॅबनुसार फरक पडतो. एकीकडे १८ आणि दुसरीकडे २४ आले, तर गाठ वाढली असे समजून रात्रभर जागू नका.

आणि मोठा आकडा म्हणजे सगळे संपले, असेही नाही. बर्किट लिम्फोमात तो जवळजवळ १०० टक्के असतो. तरी वेळेवर केमोथेरपी मिळालेले अनेक रुग्ण, विशेषतः मुले, पूर्ण बरे होतात. भराभर विभागणाऱ्या पेशींवरच ही औषधे जोरात चालतात.

दुसरे मत घ्यायला आपल्यापैकी बरेच जण मुंबईला टाटा रुग्णालयात जातात. तिथे नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून न्या. तपासणी त्यावरच पुन्हा करता येते.