शोकुदो : परक्याच्या भुकेची सोय

परदेशीं गेलेल्या मनुष्याला भाषेची अडचण खरी जाणवते ती भुकेच्या वेळीं. वाट चुकली तर नकाशा पुढें करतां येतो, गाडी चुकली तर दुसरी मिळते. परंतु अनोळखी लिपींतील पाटीखालीं उभें राहून ‘आंत काय मिळेल, पैसे किती पडतील, आपलें हंसें तर होणार नाहीं ना?’ या विचारांत कित्येक प्रवासी उपाशींच पुढें जातात. जपानांत या अडचणीवर तोडगा काढणारी एक साधी संस्था आहे. तिला तेथील लोक ‘शोकुदो’ म्हणतात. शब्दाचा अर्थ नुसता भोजनशाला.

जपानांतील पुष्कळशीं उपाहारगृहें एकेका पदार्थाला वाहिलेलीं असतात. सुशीवाला सुशीच देतो. कुट्टूच्या पिठाच्या शेवया, ज्यांना तेथें सोबा म्हणतात, त्या करणारा बहुधा त्यांतच आयुष्य घालवितो. जाणत्या खवय्याला ही व्यवस्था उत्तम. पण एकत्र निघालेल्या चौघांच्या आवडी चार असल्या म्हणजे पंचाईत होते. शोकुदोंत तसें होत नाहीं. भाजलेली मासळी, शेवयांचा वाडगा, डुकराच्या मांसाचे तळलेले काप, आम्लेटांत गुंडाळलेला भात आणि करी-भात हें सारें एकाच छपराखालीं मिळतें. ‘तेइशोकु’ मागविलें म्हणजे भाताचा वाडगा, आंबविलेल्या सोयाबीनच्या मिसोचें सूप, थोडें लोणचें व एक मुख्य पदार्थ असें पुरतें जेवण एका तबकांत समोर येतें. भाव आधींच लिहिलेला असतो, चहा अगर पाणी बहुधा फुकट मिळतें आणि बक्षिशी देण्याची चालच नाहीं.

ही विविधता एका दिवसांत आलेली नव्हे. १६५७ सालच्या भीषण आगींत एदो शहराचा, म्हणजे आजच्या टोकियोचा, मोठा भाग जळाला. त्यानंतर आसाकुसाच्या देवळाजवळ चहाच्या पाण्यांत शिजविलेला भात व टोफूचें सूप असें ठराविक जेवण विकणारीं दुकानें निघालीं. जपानी भोजनगृहांचा आरंभ बहुधा तेथूनच धरतात. १८७२ त सम्राट मेइजी यांनीं गोमांस खाल्ल्याचें जाहीर झालें आणि शतकानुशतकें निषिद्ध मानलेल्या मांसाहाराला राजमान्यता मिळाली. मग पाश्चात्य पदार्थ आले व जपानी भाताशेजारीं बसले. करी तेथें हिंदुस्थानांतून सरळ न येतां इंग्रजांच्या हातून आली. तिची अस्सल हिंदी चव १९२७ त टोकियोच्या शिंजुकु भागांतील नाकामुराया या दुकानानें लोकांपुढें ठेवली. ती शिकविणारे गृहस्थ म्हणजे क्रांतिकारक राशबिहारी बोस. १९१५ त इंग्रज सरकारचा ससेमिरा मागें असतां याच दुकानाच्या मालकांनीं त्यांना आसरा दिला होता आणि पुढें आपली मुलगीहि त्यांना दिली होती.

परंतु परक्याला धीर देणारी शोकुदोची खरी खूण म्हणजे दारांतील कांचेचें कपाट. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानें टोकियो उद्ध्वस्त झालें. त्यानंतर शिरोकिया या मोठ्या दुकानाच्या भोजनशाळेनें पदार्थांच्या मेणाच्या प्रतिकृति दाराशीं मांडल्या. गिऱ्हाइकानें बाहेरच पाहून ठरवावें, म्हणजे आंतील गर्दींत खोळंबा होणार नाहीं, हा त्यांतील हेतु. १९३२ त ताकिझो इवासाकी यांनीं ओसाका शहरांत अशा प्रतिकृति करण्याचा धंदाच काढला. आतां त्या बहुधा प्लास्टिकच्या असतात. कित्येक ठिकाणीं दाराशीं यंत्रहि असतें. पैसे टाकून बटन दाबलें कीं चिठ्ठी पडते आणि ती आंत दिली कीं काम झालें. एक शब्द न बोलतां मनुष्य पोटभर जेवूं शकतो, आणि त्याला कोणी अडाणी ठरवीत नाहीं.

तरी कपाटांतील प्रतिकृति सर्व कांहीं सांगत नाहीं. तिच्यावरून पदार्थाचें रूप कळतें, त्याचें पाणी कळत नाहीं. सूप दिसावयास निव्वळ भाजीचें असतें. पण त्याचा आधार जो ‘दाशी’ नांवाचा अर्क, तो बहुधा वाळविलेल्या बोनिटो मासळीच्या किसाचा असतो. थंड टोफूवरहि हाच कीस पुष्कळदां भुरभुरलेला सांपडतो. त्यामुळें वरचे मासळीचे तुकडे काढून ठेवले म्हणजे भागलें, असें शाकाहारी मराठी कुटुंबानें समजूं नये. ‘मांस, मासळी व मासळीचा दाशी चालत नाहीं’ एवढें जपानींत कागदावर लिहून घ्यावें आणि पैसे भरण्यापूर्वीं तो दाखवावा. सकाळींच पातेलें चढविलेला मालक कदाचित् हात जोडून नाहीं म्हणेल. तो अनादर नव्हे. फसवून वाढण्यापेक्षां असा स्पष्ट नकार केव्हांहि बरा. अशा वेळीं बौद्ध मंदिरांतील ‘शोजिन’ जेवणाची चौकशी करावी. त्यांतील अर्क समुद्रांतील कोंबु वनस्पतीचा व वाळविलेल्या अळंब्यांचा असतो.

१९७० त टोकियोजवळील फुचु येथें स्कायलार्क हें मोटारीनें येणाऱ्या कुटुंबांसाठीं भोजनगृह निघालें आणि तशा साखळी-दुकानांचा सर्व देशांत प्रसार झाला. तेथें चित्रांची पत्रिका असते, जागा ऐसपैस असते. दुसरीकडे नवराबायकोंनीं चालविलेल्या जुन्या शोकुदो मालकांच्या वार्धक्यामुळें व मागें चालविणारें कोणी नसल्यामुळें बंद पडत आहेत. २०२४ सालीं जपानांत ३ कोटि ६८ लक्षांहून अधिक परदेशी पाहुणे आले. त्यांपैकीं थोडे जरी हमरस्ता सोडून गल्लींत शिरले, तरी त्या चुलींना आधार होईल. दारावर ‘नोरेन’ नांवाचा आंखूड पडदा लोंबत असला म्हणजे दुकान उघडें आहे असें समजावें, आणि जेवून निघतांना ‘गोचिसोसामा’ एवढें म्हणावें. जेवण पावलें, असा त्याचा भाव आहे. तो एक शब्द मात्र परक्यानेंहि पाठ करून जावा.