चौकशी नको, विचारपूस हवी
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. शरीराला जखम झाली की आपण दवाखान्यात जातो. मनाला जखम झाली की मात्र गप्प बसतो. अशा जखमी माणसाशी डॉक्टरने, समुपदेशकाने आणि तुम्ही-आम्ही कसं बोलावं, एवढंच आज मांडायचं आहे. समुपदेशक म्हणजे ऐकून-बोलून मनाला आधार देण्याचं शिक्षण घेतलेला माणूस.

आपल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे सर्वांना माहीत आहेत. पाणी ठराविक पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, त्याला कुणी हुकूम द्यावा लागत नाही. आघात झालेल्या माणसाचं शरीरही असंच वागतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. पूर ओसरला, पंचनामे झाले, घरं धुऊन झाली. पण समजा, त्या पाण्यातून पोरांना घेऊन बाहेर पडलेली एक बाई आहे. पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावर सर वाजली की तिची छाती धडधडते, हातपाय गार पडतात, रात्रभर ती उंबऱ्याकडे बघत बसते. धरणाचा दरवाजा पाणी भरल्यावरच उघडतो. हिच्या मनाचा दरवाजा चार थेंबांनीही उघडतो. घरचे म्हणतात, "झालं गेलं विसर की आता!" बंधू-भगिनींनो, विसरणं तिच्या हातात असतं तर ती केव्हाच विसरली असती. ती नाटक करत नाही, की तिला कुणाची बाधाही झालेली नाही.

महाराष्ट्राला हा धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला तो किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपेत. चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं. डॉ. मोहन आगाशे, ज्यांना आपण नट म्हणून ओळखतो, ते मूळचे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपग्रस्तांच्या मनाच्या दुखण्याचा अभ्यास केला. घर पडलं तर घर बांधून देता येतं. पण छताचीच भीती बसली असेल, तर नव्या घरात झोप कशी येणार?

आपत्ती आली की माणसं विचारायला येतात. किती गेले? तुम्ही कुठं होता? आधी भिंत पडली की आधी ओरडा ऐकला? नोंदीसाठी काही प्रश्न लागतातच. पण ती झाली चौकशी. चौकशीत उत्तर महत्त्वाचं असतं, माणूस नव्हे. आपल्या भाषेत दुसरा एक फार चांगला शब्द आहे, विचारपूस. विचारपूस करणारा म्हणतो, "जेवलास का? झोप लागते का? बोलावंसं वाटतंय, का नुसतं बसू या?" यातही जाणून घ्यायची इच्छा आहे, पण ती समोरच्याच्या कलाने चालते.

चांगला समुपदेशक हेच करतो. तो आधी माणसाला सुरक्षित वाटू देतो. मग परवानगी घेऊन विचारतो. "असा का वागतोस?" असं न म्हणता "तुझ्यावर काय गुदरलं?" असं म्हणतो. सांगता सांगता आवाज कापू लागला, तर थांबतो. म्हणतो, "आज एवढं पुरे." पूर्वी समज असा होता की आपत्तीनंतर लगेच सगळं बोलून टाकायला लावलं की मन मोकळं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिने स्पष्ट सांगितलं, जबरदस्तीने बोलायला लावू नका. पाहा, ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या.

आपल्या समाजाच्या वाट्याला आणखी एक आघात येतो. तो नदी करत नाही, माणूस करतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. २०१७ साली निधन होईपर्यंत ते न्यायासाठी झगडत राहिले. अशा माणसाला जबाब, साक्ष, उलटतपासणी यांत तेच दुःख किती वेळा उघडं करावं लागत असेल! इथं समुपदेशकाने "माफ कर, विसर" असला उपदेश करू नये. आणि ज्याने जातीचा अपमान कधी भोगला नाही, त्याने "मला कळतं" असंही म्हणू नये. "मला माहीत नाही, तू सांगशील ते ऐकतो," असं म्हणावं.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रज्ञा आणि करुणा हे धम्माचे दोन आधारस्तंभ सांगितले आहेत. माझ्या विषयालाही हे तंतोतंत लागू पडतं. करुणेशिवाय जाणून घेणं म्हणजे उलटतपासणी. जाणून न घेता केलेली करुणा म्हणजे नुसती कीव, आणि कीव कुणालाच नको असते.

पटाचारेची कथा आपण जाणता. नवरा सर्पदंशाने गेला, एक मूल नदीने नेलं, दुसरं ससाण्याने, आई-वडील घर कोसळून गेले. भान हरपून ती विवस्त्र फिरू लागली, तेव्हा लोक तिला ढेकळं मारत. तथागतांनी तिला हाकलू दिलं नाही. आधी तिला जवळ येऊ दिलं, भानावर आणलं, कुणीतरी अंगावर वस्त्र टाकलं. मग तिची कहाणी ऐकली आणि धम्म त्यानंतर सांगितला. हा क्रम ध्यानात ठेवा. पुढे हीच पटाचारा पुत्रशोकाने पिचलेल्या इतर स्त्रियांचा आधार झाली.

शेवटी व्यवहाराचं सांगतो. आघातानंतर काही दिवस झोप न येणं, दचकणं, रडू येणं हे स्वाभाविक आहे. पण महिना उलटूनही तेच चालू असेल, माणूस काम सोडून कोपऱ्यात बसत असेल, दारू वाढली असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर देवऋषाकडे नव्हे, डॉक्टरकडे न्या. कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथवर जाणं जमत नसेल, तर २०२२ पासून सुरू झालेल्या सरकारी 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

विहार समितीला एक विनंती करतो. पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर तासभर विहाराचं दार अशा माणसांसाठी उघडं ठेवा. दोन समजूतदार माणसं बसवा, चहा ठेवा. आलेल्याला काही सांगायचं असेल तर ऐका, नसेल तर चहा द्या. त्याने सांगितलेलं मात्र गल्लीत जाता कामा नये.

नमो बुद्धाय! जयभीम!