यात्रेआधीची तारीख



 कार्तिकी एकादशीला इथे साजगावात बोंबल्या विठोबाची यात्रा भरेल, सुक्या मासळीचे ढीग लागतील. लसीकरणाच्या या परिषदेची तारीख आम्ही मुद्दाम त्याआधीची धरली. कारण यात्रा सरते तशा खालापूर-कर्जतच्या कातकरवाड्या रिकाम्या होऊ लागतात. घेतलेली उचल फेडायला माणसं कच्च्याबच्च्यांसह वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात.

आता लसीचं वेळापत्रक या जाण्यायेण्याशेजारी ठेवून बघा. श्रावणात जन्मलेल्या बाळाला पेंटाव्हॅलंट लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी. तिसऱ्या डोसाच्या वेळी घर भट्टीवर गेलेलं. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे वैशाखात, तेव्हाही भट्टीवरच. लस द्यायच्या बाळांच्या यादीत, म्हणजे ड्यू लिस्टमध्ये, नाव वाडीचं, आणि भट्टीच्या गावात बाळ कुणाच्याच यादीत नाही. लस फुकट आहे, पण आईने दिवस मोडला की विटांची मजुरी बुडते. तरीही ‘आदिवासी अडाणी, त्यांना लस नको असते’ असं बैठकांतून ऐकलं की मला संताप येतो.

बाळ सापडलं तरी अडतं. गोवर-रुबेलाची कुपी उघडल्यावर चार तासांत संपवायची, उरलेली टाकायची. एका बाळासाठी कुपी उघडताना हात थबकतो. नियम मात्र सांगतो, एकाच बाळासाठीही उघडा. सिस्टर, निर्धास्त उघडा. वाया गेलेल्या डोसांचा जाब विचारणाऱ्यांना उत्तर आम्ही देऊ.

डोस चुकले की काय होतं ते आपण पाहिलं आहे. 2022 मध्ये मुंबईतल्या गोवंडीपासून भिवंडी-मालेगावपर्यंत गोवर पसरला, मुलं दगावली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या दर चार बाळांमागे सुमारे एकाचं लसीकरण अपुरं निघालं. पोलिओच्या वेळी आपण एसटी स्टँडवर, रेल्वे फलाटावर, भट्टीवर डोस घेऊन गेलो होतो, आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. तेव्हा जमलं ते गोवराच्या बाबतीत का जमू नये? वाडीची यादी भट्टीच्या आरोग्य केंद्राला यात्रेआधी पोचावी, आणि संध्याकाळी काम सुटल्यावर तिथे लसीचा डबा जावा, एवढी आमची मागणी आहे.

पहिलं सत्र आम्ही भट्टीवर बाळं वाढवलेल्या आयांसाठी ठेवलं आहे. ताई, माइक तुमच्याकडे घ्या.