थंडीत डास मरतो, विषाणूचं काय?

(२६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर केलेले भाषण)



थोडक्यात बोलतो. दिवाळीनंतर गारवा पडला की टाक्या-कुंड्यांची तपासणी बंद, हा आपला शिरस्ता. कमिटीत तो सल्ला माझाच. "थंडीत विषाणू मरतो," असं मी ठासून सांगितलं होतं. इतिवृत्तात नोंद आहे. त्याच डिसेंबरात माझ्या नातवाला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स रोज उतरत होत्या. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी वाचायला लागलो, ते तेव्हापासून.

थंडीनं विषाणू मरत नाही. प्रयोगशाळेत तर त्याला उणे ७०-८० अंशांत जपून ठेवतात. थंडीत त्याचं काम रेंगाळतं, एवढंच. एडिस मादीनं रुग्णाचं रक्त प्यायलं की विषाणू आधी तिच्या आतड्यात वाढतो, मग लाळेच्या ग्रंथींत पोचतो. त्यानंतर ती चावली तरच रोग होतो. २५ ते २८ अंशांत याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. गारठ्यात हे दिवस इतके लांबतात की बहुतेक माद्या आधीच मरतात. पण जी तगली, तिच्यात विषाणूही तगतो.

न्यूयॉर्कचंच बघा. डास वेगळा, विषाणूही वेगळा. १९९९ साली तिथे वेस्ट नाईल ताप आला. पुढच्या ऐन हिवाळ्यात इमारतींच्या आत दडून बसलेले क्युलेक्स डास तपासले, तर त्यांच्यात तो विषाणू सापडला. २००० च्या उन्हाळ्यात माणसं पुन्हा आजारी पडली.

आणि आपल्या पुण्याची थंडी ती काय! पहाटे कुडकुडायचं, दुपारी पंखा लावायचा. शिवाय एडिस काही गच्चीवर झोपत नाही. पलंगाखाली, कपाटामागे, खुंटीवरच्या कपड्यांत बसते. म्हणजे आपल्याच घरच्या उबेत. तिची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की अळ्या. म्हणून कुंडीखालची बशी नुसती उपडी करून भागत नाही, घासावी लागते.

तो ठराव बदलावा असं पत्र मी सेक्रेटरींना दिलंय. जिन्याखालचं पिंप आणि गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं दर रविवारी मी बघतो, थंडीतसुद्धा. फ्रीजमागचा ट्रे मात्र ज्याचा त्यानं बघायचा. तिथवर काही मला येता येत नाही.