मासा आणि माशी

मासा आणि माशी हे शब्द मराठीत एकमेकांच्या शेजारी नांदतात. हिमालयातील ओढ्यांत मात्र त्या दोघांच्यामध्ये वीतभर पाणी असते, आणि ते अंतर माशाकडून तोडवून घेणे ही एक कलाच होऊन बसली आहे.

कोकणात खाडीवर गरवायला बसलेला माणूस गळाला खरे आमिष लावतो, दोरीला वजन बांधतो आणि गळ तळाशी सोडतो. ट्राउटच्या शिकाऱ्याचे सारेच उलटे. त्याचे आमिष खोटे, वजन नाही, आणि गळ बुडाला की डाव फसला! हा मासा मूळचा भारतातला नव्हे. 1899 साली ब्रिटनहून काश्मीरसाठी धाडलेली त्याची अंडी वाटेतच नासली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली जगली. पाणी थंड आणि वाहते हवे, ही त्याची अट. म्हणून लखनौच्या गोमतीत किंवा पुण्याच्या मुठेत तो मिळावयाचा नाही. काश्मीरच्या लिद्दर नदीत किंवा हिमाचलातील तीर्थन नदीत मिळतो.

तेथे दगडांखाली एक कीटक कित्येक महिने अळीच्या रूपात राहतो. एके दिवशी तो पृष्ठभागावर येतो, त्याला पंख फुटतात, आणि ते वाळेपर्यंत तो इवल्याशा होडीप्रमाणे वाहत जातो. ट्राउट त्याला टिपतो तो याच घटकेला.

ही होडी घरी बांधता येते. गळ लहानसा घ्यावा, चिमट्यात धरावा आणि त्यावर रेशमी धाग्याचे वेढे द्यावेत. शेपटीसाठी कोंबड्याच्या पिसाचे चार-सहा ताठ तंतू बांधावेत. सशाची लव धाग्यावर वळून तिचे बारीक अंग करावे. शेवटी कोंबड्याच्या मानेवरचे पीस डोक्यापाशी तीन-चार वेळा गुंडाळावे, म्हणजे त्याचे तंतू चहूकडे उभे राहतात. मग गाठ मारून लाखेचा थेंब द्यावा. पीस कोंबड्याचेच हवे. कोंबडीचे मऊ पीस पाणी पिते आणि बुडते. कोंबड्याचे ताठ तंतू पाण्याच्या ताणलेल्या पापुद्र्यावर टेकून राहतात.

इंग्लंडमधील फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी 1886 साली तरंगत्या माश्यांवर ग्रंथ लिहिला. तेथील संथ, नितळ नद्यांत मासा आमिष निरखून पाहतो, म्हणून प्रत्येक कीटकाची हुबेहूब प्रतिकृती हवी, असा त्यांचा आग्रह होता. डोंगरी ओढ्यात माशाला विचार करावयाला क्षणभरच मिळतो. तेथे साधी माशी पुरते.

मग शिकाऊ माणूस रिकाम्या हाताने का परततो? त्याचे उत्तर माशीत नाही, दोरीत आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून शिकारी त्याच्या मागे, खालच्या अंगाला उभा राहतो आणि माशी त्याच्या पुढे, वरच्या अंगाला टाकतो. येथवर सारे ठीक. परंतु मधला प्रवाह वेगवान असला तर तो दोरीला ओढतो, दोरी माशीला ओढते, आणि पाण्यावर एक बारीकशी रेघ उमटते. खरा कीटक अशी रेघ कधीच ओढत नाही. ती दिसताच मासा खाली जातो. जाणता शिकारी दोरी सैल, नागमोडी टाकतो. तिची वळणे सरळ होईपर्यंत माशी मोकळी वाहते. हाती असतात ते एवढेच चार-दोन क्षण.

त्या क्षणांत काहीही न करणे हेच सर्वांत अवघड. हात शिवशिवतो, दोरी ताणून पाहावीशी वाटते. पाणी फुटते, माशी दिसेनाशी होते, आणि तेव्हाही घाई केली तर गळ रिकामाच वर येतो. मासा तोंड मिटून खाली वळला की मगच काठी हलकेच उचलावयाची. दहा मिनिटांत माशी बांधणाऱ्या त्याच हातांना स्वस्थ राहावयाला शिकण्यास मात्र कित्येक हंगाम लागतात.