जुनी फाईल, अचूक निदान
(वार्षिक सभेत केलेल्या निवेदनाचा मजकूर)



जमाखर्चाचे आकडे अहवालात आहेतच. त्यांत न मावणारी एका निदानाची हकीकत आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

पासष्टी ओलांडलेले एक गृहस्थ अहवालवर्षात दाखल झाले. अशक्तपणा, काळसर शौच आणि रक्त देऊनही पुन्हा उतरणारे हिमोग्लोबिन, ही त्यांची लक्षणे. जठर व मोठे आतडे यांची दुर्बिणीने केलेली तपासणी निर्दोष आली. मात्र या दुर्बिणी लहान आतड्याच्या बहुतांश भागापर्यंत पोहोचत नाहीत. सी.टी. स्कॅनमध्ये तेथेच गाठ आढळली व शस्त्रक्रियेने ती काढण्यात आली. ती मूळची आतड्याची की अन्यत्रची, हा प्रश्न उरला.

रुग्णाच्या पत्नीने जपलेल्या फाईलमध्ये, बारा वर्षांपूर्वी कर्करोगामुळे एक मूत्रपिंड काढल्याची नोंद होती. हा रोग सहसा फुफ्फुसे, हाडे, यकृत व मेंदू येथे पसरतो, आतड्यात क्वचितच. मात्र दहा वर्षांहून अधिक काळानंतरही तो परतू शकतो. आमच्या विकृतिशास्त्र विभागाने गाठीच्या पेशींवर विशेष चाचण्या केल्या. मूत्रपिंडाच्या पेशींची खूण असलेले पॅक्स-८ हे प्रथिन मिळाले. आतड्याच्या पेशींची खूण असलेले सीडीएक्स-२ मिळाले नाही. फाईलवरील क्रमांकावरून पूर्वीच्या रुग्णालयाकडून काचपट्ट्या मागविल्या. त्यांवरील पेशीही जुळल्या.

हा भेद मोलाचा आहे. आतड्याच्या कर्करोगावरील नेहमीची केमोथेरपी मूत्रपिंडाच्या या कर्करोगावर फारशी चालत नाही. त्यासाठी अमेरिकेत २००६ मध्ये सुनिटिनिब आणि २०१५ मध्ये निव्होलुमॅब या औषधांना मान्यता मिळाली. निदान चुकते, तर औषध चुकले असते आणि कुटुंबाची पुंजी निष्फळ उपचारांत संपली असती. रोग समूळ जाईल असे आश्वासन आम्ही दिलेले नाही. परंतु योग्य उपचार सुरू झाले आहेत.

देणगीतून उभी राहिलेली इमारत सर्वांस दिसते. काचपट्ट्यांचे कपाट कोणास दिसत नाही. त्या कपाटासाठी व या चाचण्यांसाठी स्वतंत्र निधी असावा, ही विश्वस्त व देणगीदारांस विनंती. कुटुंबीयांस विनंती, की जुन्या शस्त्रक्रियेचा अहवाल कितीही वर्षे लोटली तरी टाकू नये आणि नव्या डॉक्टरांना आपणहून दाखवावा.